ग्वादालाहारा : नावाची फोड, उच्चार आणि मराठीत लिहिताना येणाऱ्या अडचणी

पाणंद (धागाकर्ता)

स्पॅनिशमधून मराठीत काही आणायचे म्हटले, मग तो प्रवासलेख असो की फुटबॉलची बातमी, की हे एक नाव हमखास अडवते. रोमन स्पेलिंग (Guadalajara) समोर ठेवून इंग्रजीच्या सवयीने वाचले तर ग्वाडालजारा, गुआडलाजरा, ग्वाडलाझारा असे काहीही तयार होते. नावाची फोड एकदा कळली की उच्चार, लेखन आणि अर्थ तिन्ही जागेवर बसतात. म्हणून सुरुवात फोडीपासून.

नाव मूळचे अरबी आहे : वादी अल-हिजारा. 'वादी' म्हणजे नदी किंवा तिचे पात्र. 'अल' हे उपपद. 'हिजारा' म्हणजे दगड, 'हजर' या शब्दाचे अनेकवचन. मक्केतल्या काळ्या दगडाला 'हजर-ए-अस्वद' म्हणतात, त्यातला 'हजर' तो हाच. (आपण 'सभेला हजर होते' म्हणतो तो 'हजर' वेगळ्या अरबी धातूवरून आला आहे. मराठीत दोन्ही सारखे लिहिले जातात एवढेच.) सगळे मिळून अर्थ झाला दगडगोट्यांची नदी.

स्पेनमधले हे शहर माद्रिदच्या ईशान्येला साधारण 55-60 किलोमीटरवर, एनारेस नदीच्या काठी आहे. अरबी अमलात नदीला आणि गावाला एकाच नावाने ओळखत. सहाव्या आल्फोन्सोच्या काळात, 1085 मध्ये, ते कास्तील या ख्रिस्ती राज्याकडे गेले; नाव मात्र अरबीच राहिले. त्याआधी रोमन काळात याच परिसरात 'आरिआका' नावाचा थांबा होता. बास्क भाषेत 'हारी' म्हणजे दगड, त्यामुळे अरबी नाव हे जुन्या नावाचेच भाषांतर असावे असे काही अभ्यासक मानतात. मला हा तर्क पटण्याजोगा वाटतो, पण तर्क म्हणूनच.

फोड करताना होणारी चूक आत्ताच सांगून ठेवतो. स्पॅनिशमध्ये 'ला' हे स्त्रीलिंगी उपपद आहे आणि 'हारा' नावाचे एक रानझुडूप आहे. त्यामुळे स्पॅनिश शिकणारे 'ग्वादा + ला + हारा' असे तुकडे पाडतात आणि झुडपापर्यंत जाऊन पोचतात. खरे तुकडे 'ग्वाद + अल + आहारा' असे आहेत. 'हिजारा'तला पहिला 'हि' झिजून नुसता 'अ' उरला, आणि 'जारा'चा पुढे 'हारा' झाला. हा 'ज'चा 'ह' कसा झाला ते जाणकारांनी लिहावे. त्यात गोव्याचा संबंधही येतो.

---

कंठ्य

लिहितो. याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की अरबी 'हिजारा'तला 'ह' म्हणजेच स्पॅनिश उच्चारातला 'ह'. तसे नाही. अरबी 'ह' गळून गेला. आज ऐकू येणारा 'ह' हा मुळातल्या 'ज'चा, म्हणजे अरबी 'जीम'चा वंशज आहे. त्याचा प्रवास असा :

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये तो आधी 'ज', मग इंग्रजी 'ट्रेझर'मधल्या झ-सारखा झाला. सोळाव्या शतकात त्याचा घोष, म्हणजे गळ्यातला कंप, गेला आणि तो 'श'च्या जवळ आला. नंतर तो तोंडात मागे सरकत गेला आणि सतराव्या शतकात कंठातला, उर्दूतल्या नुक्तावाल्या 'ख़'सारखा घर्षक झाला. माद्रिदकडे आजही तो तसाच खरखरीत ऐकू येतो. मेक्सिकोत तो बराच मऊ आहे, जवळपास आपला 'ह'.

म्हणजे 1530-40च्या सुमारास हे नाव समुद्रापार मेक्सिकोतल्या एका नव्या शहरासाठी नेले गेले, तेव्हा ते नेणाऱ्यांच्या तोंडी 'ग्वादालाझारा' ते 'ग्वादालाशारा' असे काहीतरी होते, 'हारा' नव्हते. नाव दोन्ही खंडांत वेगवेगळे नांदले, तरी उच्चार दोन्हीकडे त्याच दिशेने बदलला.

याच घडामोडीचा दुसरा पुरावा 'मेक्सिको'. स्थानिक नाव 'मेशि(ह)को'. त्यातला 'श' स्पॅनिश लोकांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे 'एक्स' अक्षराने लिहिला. पुढे तोही मागे सरकून 'मेहिको' झाला. स्पेलिंग जुने राहिले आणि इंग्रजीने त्या अक्षरावरून 'मेक्सिको' वाचले. मराठीत 'मेक्सिको' आता इतके रुळले आहे की बदलू नये, पण 'ग्वादालाहारा' काही तसे रुळलेले नाही. तिथे अजून नीट लिहायला वाव आहे.

आता गोवा. पोर्तुगीज भाषेत हा बदल झालाच नाही. तिथे 'जे' (J) हे अक्षर आजही झ-सारखे उच्चारतात. म्हणून एकाच संताचे नाव गोव्यात 'जुझे' आणि स्पॅनिशमध्ये 'होसे'. 'झुवांव' तिकडे 'हुआन'. गोव्यातल्या ज्या वाचकांच्या कानाला पोर्तुगीज नावे सरावाची आहेत, ते 'ग्वादालाझारा' वाचतील. ते आजच्या स्पॅनिशला धरून नसले तरी पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराच्या बरेच जवळ आहे.

---

रेतीबंदर

म्हणजे मराठीत 'ज' लिहिणारा मूळ अरबीच्या जास्त जवळ जातो. मग 'ज'च का लिहू नये?

---

कंठ्य

रेतीबंदर, दोन कारणे. पहिले म्हणजे आपण जिवंत शहराचे नाव लिहितो आहोत. तिथे राहणारे जसे म्हणतात तसे लिहावे. व्युत्पत्ती हवी तर वेगळी द्यावी. दुसरे कारण निव्वळ मराठीचे. आपल्या 'ज'ला दोन उच्चार आहेत. 'जावई'तला दंततालव्य आणि 'जिरे'तला तालव्य. पुढे 'आ' आला की अनोळखी शब्दात वाचक बहुतेक वेळा 'जावई'चा 'ज' लावतो. तो 'ज' अरबीत नाही, या नावाच्या स्पॅनिश प्रवासात कुठल्याही टप्प्यावर नव्हता. म्हणजे 'ज' लिहून मूळही हाती लागत नाही आणि आजचेही सुटते. 'ह' लिहा. स्पेनमधल्या शहराविषयी अगदी काटेकोर लिहायचे असेल तर 'ग्वादालाख़ारा', पण नुक्ता मराठी छपाईत टिकत नाही आणि नुसता 'ख' राहिला तर उच्चार पार बिघडतो. दोन्ही शहरांसाठी 'ह'च सोयीचा.

---

उंबरठा

बाकीच्या अक्षरांबद्दल, कारण चुका तिथेही होतात.

'द', 'ड' नव्हे. अरबीत दंत्य, स्पॅनिशमध्येही दंत्य. 'ड' फक्त इंग्रजीमार्गे येतो.

प्रत्येक अक्षराला काना द्या. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, त्यामुळे 'ग्वादलहारा' लिहिले तरी चालेल असे वाटते. पण मराठी वाचक 'द'मधला अ गिळतो आणि 'ग्वाद्‌लहारा' म्हणतो. पाच अवयवांचे (उच्चाराच्या तुकड्यांचे) चार होतात. आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर, 'हा'वर आहे. मराठी लेखनात तो दाखवता येत नाही, पण मोठ्याने वाचताना पाळा.

सुरुवातीचा 'ग्वा' हा अरबी 'वा'ला स्पॅनिशने दिलेला आकार. परका 'व' शब्दाच्या आरंभी आला की त्याला 'ग'चा टेकू द्यायचा, ही स्पॅनिशची खोड जुनी आहे. जर्मानिक 'विल्हेल्म'चा 'गियेर्मो' झाला तो असाच. बोलण्यात हा 'ग' फार हलका असतो, विशेषतः आधी स्वर आला तर.

आणि यावरून एक नियम लक्षात ठेवा, तो इतर नावांनाही उपयोगी पडेल. स्पेलिंगमध्ये 'जी-यू'पुढे 'ए' (इंग्रजीतला पहिला स्वर) असेल तर 'ग्वा'. पुढे 'ई' किंवा 'आय' असेल तर मधला 'यू' मुका असतो आणि उच्चार 'गे', 'गी' होतो. त्या 'यू'वर दोन टिंबे असतील तरच 'ग्वे', 'ग्वी'. म्हणून मिगेल (मिग्वेल नव्हे), गेर्निका (ग्वेर्निका नव्हे), पण ग्वादालाहारा प्रांतातलेच एक गाव सिग्वेन्सा, कारण तिथे टिंबे आहेत. नकाशातून नाव उतरवताना ही टिंबे गाळली जातात आणि मग गाव 'सिगेन्सा' होऊन बसते.

---

मोगरी

'वादी' आणि आपली 'वाडी' एकच का? सावंतवाडी, नरसोबाची वाडी वगैरे?

---

पाणंद

नाही. कानाला सारखे लागते म्हणून हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मराठी 'वाडी' संस्कृत 'वाटिका'वरून, म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग, मग वस्ती. अरबी 'वादी'शी तिचे नाते नाही. दगडांच्या नदीला 'दगडवाडी' म्हटले तर ऐकायला छान वाटेल, पण अर्थ वेगळाच होईल.

'वादी'चे नाते हवे असेल तर हिंदी-उर्दूत पाहा. 'कश्मीर की वादियाँ' मधली वादी तीच. तिथे तिचा अर्थ दरी, खोरे असा स्थिरावला आहे. मराठीत 'वादी' म्हणजे फिर्यादी किंवा तबल्याला आवळलेली चामड्याची पट्टी. या दोहोंचा याच्याशी संबंध नाही.

---

रेतीबंदर

मग 'ग्वाद'चा अर्थ नदी की दरी? काही ठिकाणी 'दगडांची दरी' असे भाषांतर दिसते.

---

पाणंद

अरबस्तानात 'वादी' म्हणजे बहुतेक काळ कोरडे असलेले पात्र, पाऊस पडला की वाहणारे. अंदालुसमध्ये, म्हणजे अरबी अमलातल्या स्पेनमध्ये, बारमाही नद्या होत्या आणि तिथे हा शब्द सरळ नदीसाठी वापरला गेला. त्यामुळे स्पेनमधल्या नावांत 'नदी' हाच अर्थ धरावा. 'दरी' हे भाषांतर इंग्रजीतल्या 'व्हॅली'वरून आलेले असते आणि मराठी वाचकापुढे तीव्र उताराचा खोल कडा उभा करते. एनारेसकाठी तसले काही नाही. नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश असे दोन्ही एका शब्दात हवे असेल तर आपल्याकडे 'खोरे' आहे, कृष्णा खोरे म्हणतो तसे. माझी पसंती 'गोट्यांची नदी'ला. पात्रातल्या वाहून आलेल्या दगडांचेच ते वर्णन आहे.

---

नकाशेवाली

हे 'ग्वाद' एकदा ओळखता आले की दक्षिण आणि मध्य स्पेनचा नकाशा वाचण्यात वेगळीच मजा येते. खात्रीची काही नावे देते.

ग्वादालकिवीर : अल-वादी अल-कबीर, मोठी नदी. सेव्हिया आणि कोर्दोबा हिच्याच काठी. यातला 'कबीर' म्हणजे मोठा, थोर. संत कबीरांच्या नावातलाच शब्द. अंदालुसी अरबीत त्याचा उच्चार 'किबीर'कडे झुकत होता, त्यावरून 'किवीर'. स्पॅनिशमध्ये 'व्ही' अक्षराचा उच्चार 'ब' असल्याने तोंडी ते आजही 'ग्वादालकिबीर'च आहे.

ग्वादालिमार : अल-अहमर, तांबडी नदी. ग्वादालाव्यार : अल-अब्यद, पांढरी नदी, वालेन्सियाच्या तुरिया नदीचे हे दुसरे नाव. ग्वादालमेदिना : मदिनेची, म्हणजे शहराची नदी, मालागा शहरातून जाते.

ग्वादिआना : इथे गंमत वेगळी. रोमन लोक या नदीला 'आनास' म्हणत. अरबांनी 'वादी आना' म्हटले. स्पॅनिशने अख्खे नाव उचलून त्यामागे 'रिओ', म्हणजे नदी, लावले. 'रिओ ग्वादिआना' म्हणजे नदी-नदी-आना. आपण 'सिंधू नदी' म्हणतो तेव्हाही हेच करतो, कारण 'सिंधू' म्हणजेच नदी. म्हणून मराठीत 'ग्वादिआना नदी' लिहायला संकोच करू नका. पुनरुक्ती आहे, पण ती प्रत्येक भाषेत अशीच घडते आणि वाचकाला लागते.

पोर्तुगालमध्ये याच 'वादी'चा 'ओदे' झाला : ओदेमिरा, ओदेलेइते. ग्वादिआनालाही जुन्या पोर्तुगीजमध्ये 'ओदिआना' म्हणत. शब्द एकच, सीमेच्या अलीकडे 'ग्वाद', पलीकडे 'ओद'.

एक सावधगिरी. 'ग्वाद' दिसले की उरलेला भागही अरबीच असेल असे धरू नका. ग्वादिआनात तो रोमनपूर्व आहे. ग्वादालुपेच्या उत्तरार्धाबद्दल मतभेद आहेत. कोणी लॅटिन 'लुपुस', लांडगा, धरतो, तर कोणी अरबी शब्द. 'लांडग्यांची नदी' असे बेधडक छापलेले दिसते. तिथे 'असे एक मत' एवढे दोन शब्द घालावेत.

---

उंबरठा

नकाशेवाली, ग्वादालकानालही जोडा. मराठीत दुसऱ्या महायुद्धावर लिहिताना हे नाव येते आणि लोक शेवटच्या 'कानाल'मुळे त्याला कालवा समजतात. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांपैकी ते एक बेट आहे. 1568 मध्ये मेन्दान्या या स्पॅनिश दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या पेद्रो दे ओर्तेगा याने त्याला आपल्या गावाचे नाव दिले. ते गाव सेव्हिया प्रांतात आजही आहे. म्हणजे 1942-43 ची ती लढाई जिथे झाली त्या बेटाच्या नावातही अरबी 'वादी' बसलेली आहे.

---

नकाशेवाली

हो, राहिलेच. आता मूळ नावाच्या भटकंतीकडे येते, कारण 'कुठले ग्वादालाहारा' हा लिहिणाऱ्याचा सर्वांत मोठा घोळ आहे.

मेक्सिकोतल्या शहराला नाव मिळाले ते नुन्यो बेल्त्रान दे गुस्मान या स्पॅनिश सेनानीच्या जन्मगावावरून. तो स्पेनमधल्या ग्वादालाहाराचा. शहर मात्र एका जागी टिकेना. 1532 च्या जानेवारीत क्रिस्तोबाल दे ओन्यातेने नोचिस्त्लानला ते वसवले. 1533 मध्ये तोनालाला हलवले. 1535 च्या सुमारास त्लाकोतानला. तिथे असतानाच 1539 मध्ये त्याला शहराचा दर्जा आणि बोधचिन्ह मिळाले. मग मिश्तोनचे युद्ध, म्हणजे स्थानिकांचा स्पॅनिशांविरुद्धचा उठाव, पेटले, हल्ले झाले, आणि 14 फेब्रुवारी 1542 ला आतेमाहाकच्या खोऱ्यात ते चौथ्यांदा वसले. तिथेच आज आहे. म्हणून 'स्थापना 1532' आणि 'स्थापना 1542' दोन्ही वाचायला मिळते. शहराचा वर्धापनदिन 14 फेब्रुवारीचा. तुमच्या वाक्यात 'सध्याच्या जागी' हे शब्द असतील तरच 1542 लिहा.

तिसरे ग्वादालाहारा कोलंबियात आहे, अधिकृत नाव ग्वादालाहारा दे बुगा. रोजच्या बोलण्यात लोक त्याला नुसते 'बुगा' म्हणतात, त्यामुळे गोंधळ कमी होतो.

मजकुरात कुठले ते ओळखायच्या खुणा : मेक्सिकोचे असेल तर नावानंतर 'हाल.' असे संक्षिप्त रूप येते, म्हणजे हालिस्को राज्य. पिनकोड 44 ने सुरू होतो, दूरध्वनीचा शहर क्रमांक 33, विमानतळाचे कोड जीडीएल. स्पेनचे असेल तर पिनकोड 19 ने सुरू होतो, दूरध्वनी 949, जुन्या गाड्यांच्या पाट्यांवर 'जीयू'. विमानाचे तिकीट काढताना यादीत 'ग्वादालाहारा' दिसले तर ते मेक्सिकोचेच, कारण स्पेनच्या ग्वादालाहाराला प्रवासी विमानतळ नाही. तिथे जायचे तर माद्रिदला उतरून उपनगरी रेल्वेचा सी-2 मार्ग धरायचा. तो आल्काला दे एनारेसवरून जातो. वेगवान गाडीचे 'ग्वादालाहारा-येबेस' नावाचे स्थानक शहराच्या बाहेर, येबेस गावाजवळ आहे. नावात ग्वादालाहारा बघून तिथे उतरले तर पुढे वेगळे वाहन करावे लागते.

लोकसंख्या लिहितानाही घसरायला होते. स्पेनचे शहर एक लाखाच्या आत. मेक्सिकोच्या महापालिका हद्दीत सुमारे 14 लाख, पण सापोपान, त्लाकेपाके वगैरे शेजारच्या पालिका धरून महानगर 50 लाखांवर. दोन आकडे वेगळ्या हद्दींचे आहेत, त्यांची तुलना करून 'शहर चौपट वाढले' असा निष्कर्ष काढू नये.

---

गोलपोस्ट

फुटबॉलपुरते माझे चार शब्द. 'क्लब देपोर्तिवो ग्वादालाहारा' या नावाचे संघ दोन्ही देशांत आहेत. मेक्सिकोचा 1906 चा, 'चिवास' (शेळ्या) या टोपणनावाने प्रसिद्ध, आणि फक्त मेक्सिकन खेळाडू घेण्याच्या परंपरेसाठी ओळखला जाणारा. स्पेनचा 1947 चा, बराच लहान. स्पॅनिश चषकाच्या बातमीत 'ग्वादालाहारा' आले तर तो दुसरा. बातमीत एकदा 'चिवास' लिहिले की शंका उरत नाही.

विश्वचषकाच्या जुन्या सामन्यांत ग्वादालाहारा म्हणजे हालिस्को स्टेडियम : 1970 चा ब्राझील-इंग्लंड, 1986 चा ब्राझील-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना, जो फ्रान्सने पेनल्टींवर 4-3 असा जिंकला. 2026 च्या स्पर्धेसाठी निवडलेले मैदान त्याहून वेगळे आहे आणि ते सापोपान पालिकेत येते, पण फिफा यजमान शहर म्हणून ग्वादालाहाराच लिहिते. 'त्याच मैदानावर' असे लिहिण्याचा मोह टाळा.

---

मोगरी

तिथल्या लोकांना काय म्हणायचे? 'ग्वादालाहाराकर'?

---

पाणंद

मराठीत 'ग्वादालाहाराचे रहिवासी' हे सर्वांत स्वच्छ. पण स्पॅनिश मजकुरात जी विशेषणे येतात ती ओळखता आली पाहिजेत, कारण त्यांवरूनच कुठले शहर ते कळते.

स्पेन : 'ग्वादालाहारेन्यो', आणि रोमन नावावरून 'आरिआसेन्से'. खेळाच्या आणि स्थानिक बातम्यांत दुसरे बरेच येते. आसपासच्या आल्कार्रिया प्रदेशावरून 'आल्कार्रेन्यो'ही येते, पण ते फक्त शहराचे नव्हे.

मेक्सिको : 'ग्वादालाहारेन्से' औपचारिक, आणि सगळीकडे वापरात असलेले 'तापातिओ', स्त्रीलिंगी 'तापातिआ'. हा शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ भाषेतल्या 'तापातिओत्ल'वरून आला असे मानतात. बाजारातल्या देवाणघेवाणीत 'तिप्पट मोलाचे' अशा अर्थाचे ते एक माप होते. 'हाराबे तापातिओ' हा नाच या शहराच्या नावाचा. शहराला 'ला पेर्ला तापातिआ' म्हणतात तेव्हा 'तापातिआ नावाचा मोती' असे भाषांतर करू नका. ते 'ग्वादालाहाराचा मोती' आहे. बोलीत मेक्सिकोत 'ग्वानातोस', स्पेनमध्ये 'ग्वादा'.

अरबी काळात इथल्या माणसाला 'अल-हिजारी' म्हणत. मध्ययुगीन अरबी लेखकाच्या नावामागे हे दिसले तर तो याच गावचा धरायला हरकत नाही. मागच्या पिढ्यांनी नावातला 'दगड' उचलला, 'नदी' नव्हे, हे मला फार आवडते.

---

शुद्धमती

विभक्तीचा प्रश्न अजून कोणी काढला नाही, आणि लिहिताना तोच दर ओळीत येतो. ग्वादालाहारात की ग्वादालाहाऱ्यात?

सातारा-साताऱ्यात, आग्रा-आग्र्यात, गोवा-गोव्यात, ढाका-ढाक्यात ही आपली रीत. त्या न्यायाने 'ग्वादालाहाऱ्यात' व्हायला हवे. सातारा आणि ग्वादालाहारा यांचा शेवट तर अगदी एकच आहे.

---

उंबरठा

शुद्धमती, पण ढाका, आग्रा ही नावे कित्येक पिढ्या मराठी तोंडात घोळलेली आहेत. नव्याने आलेल्या परदेशी नावांना आपण सामान्यरूप करत नाही. कॅनडात, क्यूबात म्हणतो. कॅनड्यात कोणी म्हणत असेल तरी छापील मजकुरात क्वचितच दिसते. दुसरीकडे अमेरिका-अमेरिकेत, आफ्रिका-आफ्रिकेत होते, कारण ती स्त्रीलिंगी धरली गेली. ग्वादालाहारा अजून कुठल्याच खणात बसलेले नाही.

---

शुद्धमती

मान्य. तरीही 'अनोळखी आहे म्हणून विकार नको' म्हणत राहिलो तर ते कायम अनोळखीच राहील. मराठीने नाव आपलेसे केले याची खूण सामान्यरूप हीच आहे.

---

नकाशेवाली

व्यवहाराच्या बाजूने एक मुद्दा. ऑनलाइन मजकुरात वाचक 'ग्वादालाहारा' टाकून शोधतो. 'ग्वादालाहारात', 'ग्वादालाहाराचा', 'ग्वादालाहाराहून' या सगळ्यांत ती अक्षरे जशीच्या तशी सापडतात. 'ग्वादालाहाऱ्यात' मध्ये 'रा'चा 'ऱ्या' झाला की पानातल्या शोधात ते सापडतच नाही. शिवाय 'ऱ्य' काही कळफलकांवर नीट टाइप होत नाही, लोक 'र्या' टाइप करतात आणि त्याचा रफार चढून 'ग्वादालाहार्यात' होते. परक्या नावात ही चूक पकडणारा वाचकही नसतो. म्हणून मी अविकारी रूप वापरेन. बोलताना 'ग्वादालाहाऱ्यात' म्हणा, काहीच बिघडत नाही.

लिंगाचे म्हणाल तर स्पॅनिशमध्ये शेवटी 'आ' असल्याने शहर बहुधा स्त्रीलिंगी जाते. मराठीत 'शहर' मनात धरून नपुंसकलिंगी ठेवा : 'मेक्सिकोतले ग्वादालाहारा', 'जुने ग्वादालाहारा'. फुटबॉल संघ असेल तर पुल्लिंगी : 'ग्वादालाहारा जिंकला'. लढाई असेल तर नुसते नाव पुरत नाही. स्पॅनिश यादवी युद्धावरच्या लेखनात 'ग्वादालाहारा' म्हणजे मार्च 1937 ची लढाई, जिच्यात मुसोलिनीने पाठवलेल्या इटालियन फौजांचा पराभव झाला. मराठीत तिथे 'ग्वादालाहाराची लढाई' असे पूर्ण लिहा.

---

शुद्धमती

शोधाचा मुद्दा बिनतोड आहे. लेखनात अविकारी, मान्य.

---

रेतीबंदर

'आल्काला दे एनारेस'चा उल्लेख वर आला. त्यातले 'आल्काला'सुद्धा अरबीच ना?

---

कंठ्य

हो. 'अल-कलआ', म्हणजे किल्ला. आणि आपला 'किल्ला' हा शब्द त्याच अरबी 'कलआ'वरून फारसीमार्गे आलेला. सेर्वान्तेसच्या जन्मगावाचे नाव आणि रायगडाच्या मागे आपण लावतो तो शब्द, दोन्हींचे मूळ एकच. 'एनारेस' मात्र अरबी नाही; ते स्पॅनिश 'एनो', म्हणजे वाळलेले गवत, यावरून धरतात. म्हणजे एनारेसकाठचा किल्ला आणि एनारेसकाठची गोट्यांची नदी ही दोन शेजारी गावे. स्पॅनिश 'आल्काल्दे', महापौर, हाही 'अल-कादी'वरून, म्हणजे आपला काजी. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

मोगरी

'जालिस्को' लिहायचे की 'हालिस्को'? आणि मेक्सिकोच्या शहरात दगडांची नदी आहे का? की नाव नुसतेच उचलून आणलेले?

---

पाणंद

हालिस्को. हे नाव नाहुआत्लमधले, मूळ 'शालिस्को'. 'शाल्ली' म्हणजे वाळू. अर्थ 'वाळूच्या पृष्ठभागावर' असा सांगतात. म्हणजे एकाच पत्त्यात दगड आणि वाळू शेजारी आहेत. वर कंठ्य यांनी दाखवला तो बदल इथे दोन दिशांनी आलेला दिसतो. 'ग्वादालाहारा'तला 'ह' अरबी 'ज'पासून आला, 'हालिस्को'तला नाहुआत्ल 'श'पासून. आज दोन्ही एकाच अक्षराने लिहितात आणि एकसारखे उच्चारतात.

एक लिहिण्यासारखी गोष्ट. हिंदी-इंग्रजी बातम्यांत हे शहर आपल्याकडे झळकले ते पुस्तकांमुळेही. ग्वादालाहारा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा 1987 पासून नोव्हेंबर-डिसेंबरच्या संधीला नऊ दिवस भरतो, आणि 2019 मध्ये भारत त्याचा सन्माननीय पाहुणा होता. त्या मेळ्याचे संक्षिप्त नाव 'फिल'. मराठी प्रकाशनव्यवहारावर लिहिणाऱ्यांना हे नाव पुन्हापुन्हा लागेल. म्हणून निदान तेवढ्यासाठी तरी लेखन ठरवून घ्यावे असे मनापासून वाटते.

नदीबद्दल. नाव गुस्मानच्या गावावरून आले, जागेचे वर्णन म्हणून नव्हे. पण 1542 मध्ये शहर वसले ते एका नदीच्या काठीच, सान हुआन दे दिओस तिचे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंदिस्त करून जमिनीखाली घेतली. तिच्यावरून आता काल्सादा इन्देपेन्देन्सिया हा रस्ता जातो.